मोजलेला दम

चिंतामण घड्याळाच्या पोटात डोळा घालून बसला होता. उजव्या डोळ्याला भिंग, चिमट्यात तिळाएवढा स्क्रू, आणि श्वास असा अडवून धरलेला की जरा सुटला तर समोरचं इवलं चक्र उडून जाईल. तेवढ्यात पायरीवर सावली आली आणि सावलीतून आवाज आला, "मास्तर, तुमी एकट्यानं माझी बाजू घेतलीसा म्हणं." चिमट्यातला स्क्रू निसटला. कुठे गेला ते कळलं नाही. चिंतामणनं मान वर केली, पण भिंग काढायचं राहून गेलं, त्यामुळे एका डोळ्याला नुसता पांढरा ढग दिसला आणि दुसऱ्याला आकाराम दिसला. बाहीवर हळदीची पूड, हातात भडंगाचा पुडा, आणि तोंडावर असं हसू, की ते बघून चिंतामणला दुकानाची फळी खाली ओढून घ्यावीशी वाटली.

"नाथाजीमामांनी समदं सांगितलं," आकाराम पायरीवरच टेकत म्हणाला. "वखारीत सगळी उठली, आकारामला घालवा म्हनली, आन तुमी एकलं उभं ऱ्हायलासा. आवं, सोळा वर्सं खेळलो ह्या गावासाठी, आन शेवटाला माझ्याकडनं बोलाय एक घड्याळवालाच निघाला बघा." एवढं बोलून तो मोठ्यानं हसला, आणि हसता हसता त्याला खोकला आला. चिंतामणनं तो खोकला ऐकला. सवयीनं ऐकला. किती वेळ चालला तेही त्याच्या कानानं आपोआप धरून ठेवलं, आणि आपल्या कानाची त्याला किळस आली.

"बस," तो म्हणाला. माणूस बसलेलाच होता.

आकाराम मूळचा आटपाडीकडचा. तिकडे विहीर कितीही परस खोल खणली तरी पाणी लागत नाही. विशीत तो सांगलीला आला, हळदीच्या पेठेत पोती उचलायला लागला, आणि एका संध्याकाळी नदीकाठच्या मंडळाच्या मैदानात उगीच बघायला म्हणून उभा राहिला तो सोळा वर्षं तिथून हलला नाही. कबड्डीत असा चढाईपटू गावानं बघितला नव्हता. त्याचा दम म्हणजे दम. समोरची सात माणसं हात पसरून वाट बघायची, आता सुटेल, आता सुटेल, आणि ह्याच्या तोंडून तो एकच शब्द चालूच, पाटाच्या पाण्यासारखा, न तुटता. कंटाळून कोणीतरी पाऊल चुकवायचं आणि तेवढ्यात ह्याचा हात लागलेला असायचा. त्याची आई अंबूबाई एकदा फायनल बघायला आली होती. मैदानाच्या कडेला पदर डोक्यावर घेऊन बसली, आणि लेक चढाईला गेला तसं तिच्या ओठावर जात्यावरचं काहीसं आलं. शेजारी चिंतामण होता, त्यानं ते ऐकलं होतं.

दम माझ्या बाळाचा गं, जशी आडाची दोरी,
सोडीते सोडीते मी, तरी उरं हातावरी.

आता ती दोरी संपत आली होती, आणि ते चिंतामणइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. कारण दम मोजणारा तो होता. नदीकाठच्या खेळाडूंची ही जुनी रीत. थंडीच्या दिवसांत उजाडताना खेळाडूनं छातीभर पाण्यात उभं राहायचं. पाणी बरगड्यांना दाबतं, तशात दम धरून शब्द चालू ठेवायचा, आणि घाटाच्या पायरीवर उभ्या माणसानं तो मोजायचा. हा माणूस खेळाडू स्वतः निवडतो. आकडा ऐकायचा तो फक्त त्या दोघांनी, तिसऱ्या कानाला जाता कामा नये. नजर लागते म्हणायचे, पण खरं कारण साधं होतं. कोणाचा दम किती सेकंदांचा हे समोरच्यांना कळलं की संपलं. तेवढे सेकंद त्याला नुसतं खेळवायचं, आणि पुढच्या सेकंदाला धरायचं. म्हणून बायकोला सांगत नाहीत, कोचला सांगत नाहीत. आकारामनं चिंतामणला निवडलं ते त्याच्याकडे स्टॉपवॉच होतं म्हणून असावं. चिंतामणनं ते कधी विचारलं नाही. पहिली तीन वर्षं आकारामला त्याचं नावही माहीत नव्हतं. मास्तर म्हणायचा. अजूनही मास्तरच म्हणतो.

पहिल्या हिवाळ्यात एक्केचाळीस होता. मग बरीच वर्षं अडतीस, सदतीस. मग हळदीची पूड बरगड्यांच्या आत बसायला लागली. सकाळी नदीवर थुंकला की पाण्यावर पिवळा ठिपका तरंगायचा. गेल्या हिवाळ्यात एके दिवशी चोवीसला दम तुटला. आकाराम कुडकुडत वर आला, केसांतून पाणी गळतंय, आणि चिंतामणच्या तोंडाकडे असा बघत राहिला जसं आजाऱ्याच्या घरचं माणूस डॉक्टरकडे बघतं. चिंतामण म्हणाला, "अठ्ठावीस." जिभेनंच म्हटलं ते, त्याला विचारलं नाही. आकारामच्या अंगावर जणू कोणी घोंगडी टाकली. तेव्हापासून तो रोज वाढवून सांगत गेला. घड्याळाला तेल घालावं तसं. दिवाळीनंतर खरा आकडा एकविसावर आला, तेव्हा तो सव्वीस म्हणाला.

हे सगळं एक वेळ चाललं असतं. दयेपोटी खोटं बोललो असं म्हणून माणूस स्वतःला माफ करू शकतो. पण वखारीतला तो रविवार.

नानासोची लाकडाची वखार मैदानाला लागून आहे. मंडळाची कार्यकारिणी कागदावर काय ठरवायचं ते ठरवते, पण खरं ठरतं ते वखारीतल्या ओंडक्यांवर बसलेल्या माणसांत. त्या रविवारी कोरेगावहून निरोप आला होता. तिथल्या एका सूतगिरणीचा संघ आहे. त्यांना आकाराम हवा होता, आणि बदल्यात ते आपला विशीतला चढाईपटू द्यायला तयार होते. सकाळी नऊला वाद सुरू झाला तो उन्हं डोक्यावर आली तरी चालू. भुसा उडत होता, कपबशा फिरत होत्या. नानासो म्हणाला, "आरं, देवाची मूर्ती हाय काय ती, हलवायची न्हाई म्हनायला? पोरगं येतंय त्ये घ्या. आकाराम काय जलमभर पळणार हाय?" नाथाजी लष्करातून सुभेदार होऊन परतलेला, त्याला हे रुचलं नाही. "पलटणीत म्हाताऱ्या शिपायाला बदलून नवा आणत न्हाईत. त्याला पुढं ठेवून नवा तयार करत्यात." कोणी म्हणालं, मागच्या फायनलला आकारामच होता म्हणून जिंकलो. कोणी म्हणालं, त्याच्या मागच्या फायनलला आकारामच होता म्हणून हरलो. अर्धी वखार इकडे, अर्धी तिकडे. चिंतामण एका ओंडक्याच्या टोकाला बसून ऐकत होता. सोळा वर्षं तो असाच टोकाला बसत आला होता. मिरवणुकीत आकारामला खांद्यावर घ्यायचे, तेव्हा त्याच्या चपला चिंतामणच्या हातात असायच्या. गुलालानं माखलेल्या त्या चपला धरून गर्दीतून चालताना आपण कोण आहोत असं त्याला कधी कधी वाटायचं. पण ते वाटणं तो लगेच पुसून टाकायचा.

त्या दिवशी तो फक्त एवढंच म्हणाला होता, "घाई नको, जरा विचार करू." त्यावर नानासो फिस्सकन हसला. "गप बस रं घड्याळवाल्या. तुला काय कळतंय त्यातलं? तू आपल्या सेलाच्या टोप्या बदल." सगळे हसले. हसणं वाईट नव्हतं, रोजचंच होतं. पण सेलाच्या टोप्या हा शब्द मात्र नेमका आत गेला. अलीकडे दुकानात चावीचं घड्याळ क्वचितच यायचं. पोरं सेलवरचं घड्याळ पुढे करायची, ह्यानं आतली बटणाएवढी सेलाची टोपी काढायची, नवी बसवायची, झालं. तीस वर्षांच्या नजरेचं काम टोपी बदलण्यावर आलं होतं. आणि चिंतामणच्या तोंडून निघून गेलं, "मला काय कळतं? त्याचा दम एकविसावर आलाय. मी मोजतो. रोज मोजतो."

कोणीतरी चहाचा कप खाली ठेवला, तो आवाजही ऐकू आला. सगळ्या माना चिंतामणकडे वळल्या होत्या. हाच तो क्षण, ज्याकडे तो नंतर पुन्हा पुन्हा वळत राहिला, आणि दर वेळी त्याला कळत गेलं की त्या क्षणी त्याला बरं वाटलं होतं. वाईट वाटायच्या आधी, जीभ चावायच्या आधी, त्याला बरं वाटलं होतं. छाती भरून आल्यासारखं. सोळा वर्षांत पहिल्यांदा माणसं त्याच्या शब्दाची वाट बघत होती. आणि नानासो हळूच म्हणाला, "एकवीस?" तेव्हा चिंतामणनं मान डोलावली. ती एक गोष्ट तर जीभ घसरली म्हणूनही सांगता येत नाही. मान घसरत नाही. त्यानंतर वाद उरलाच नाही. नाथाजीनं टोपी डोक्यावर ठेवली आणि कोणाकडे न बघता तो उठून गेला.

आणि आता आकाराम पायरीवर बसून सांगत होता, की कोणी तरी भाड्यानं त्याचा दम एकविसावर आलाय असं उठवलंय. ते कोरेगावपर्यंत गेलंय. तिथल्या संघाचे जयराजसाहेब कुरकुर करायला लागलेत. इथली जागा तर गेलीच, त्यांचा पोरगा मैदानात उतरलासुद्धा. तिथेही नको म्हणाले तर दोन्हीकडचं गेलं. "आन मास्तर, खेळाचं ऱ्हाऊ द्या. तिथं गेटावर कायमची नोकरी हाय. दोन खोल्या. पोत्याला हात लावायचा न्हाई. डाक्टर म्हनतोय हळद सोड, न्हाईतर हळद तुला सोडणार न्हाई. तर उद्या माझ्यासंगं कोरेगावला चला. तुमचा शबुद चालंल. तुमीच तर सव्वीस मोजलंय न्हवं? तेवढंच सांगायचं."

भिंग अजून डोळ्यालाच होतं. चिंतामणनं ते काढलं. "येतो," तो म्हणाला.

दुपारी तो नाथाजीच्या घरी गेला. नाथाजी अंगणात दाढी करत होता, आरसा तुळशीवर टेकवलेला. "सुभेदार, तुम्ही त्याला असं का सांगितलंत?" नाथाजीनं वस्तरा थांबवला नाही. "माणूस गाव सोडून निघालाय. जाताना म्हनाला, मामा, शेवटपातूर एक तर कोण माझ्याकडनं ऱ्हायलं का वो? मीबी उठून आलेला. काय सांगू? कोण न्हाई म्हनू? तुजं नाव तोंडात आलं. तुज्यावर त्याचा लय जीव, म्हणून तुजं घातलं." मग साबणाचा फेस झटकून तो म्हणाला, "आता त्ये नाव तुजं तू संभाळ." चिंतामणला वाटलं होतं, हा आपल्याला शिव्या देईल. शिव्या मिळाल्या असत्या तर घरी जाऊन जेवता आलं असतं.

घरी बायकोनं, चारुलतानं, विचारलं, "उद्या दुकान बंद? कोरेगावला कशाला?" तो म्हणाला, "आकारामचं काम आहे." ती म्हणाली, "किती करता हो त्याच्यासाठी." ती कौतुकानंच म्हणाली होती. तो हात धुवायला उठला तो बराच वेळ नळाशीच उभा राहिला.

गाडीत आकारामनं त्याला खिडकी दिली. हट्टानं दिली. कराड मागे पडलं, उंब्रजला गाडी थांबली तेव्हा खाली उतरून दोन उसाचे रस घेऊन आला, स्वतःच्या ग्लासातला बर्फ काढून टाकला आणि चिंतामणच्या हातात मोठा ग्लास दिला. बोलत होता सारखा. गिरणीतल्या पोरांना शिकवीन म्हणत होता. दोन खोल्यांत आईला आणीन, तिला तिकडचं पाणी मानवंल. चिंतामण हूं हूं करत होता आणि मनात वाक्यं जुळवत होता. सांगून टाकावं. आत्ता, ह्या गाडीत, पुढचा थांबा यायच्या आत. आकाराम, तो भाड्या मी. हे सांगितलं की छातीवरचं उतरेल. पण कोणाच्या छातीवरचं? हा खचेल, तसाच साहेबासमोर उभा राहील, आणि साहेबाला त्याच्या तोंडावरच एकवीस दिसेल. मग सांगू नये? तर कोरेगावात जाऊन सव्वीस म्हणायचं, आणि ह्याचे उपकार घेऊन, ह्याच्या हातचा रस पिऊन परत यायचं. खरं बोललो तर ह्याचं वाटोळं, खोटं बोललो तर मी साधू. दोन्ही बाजूंनी त्याला स्वतःचंच तोंड दिसत होतं. खिडकीबाहेर उसाला तुरे आले होते, ऊन चांगलं होतं, जग अगदी जागच्या जागी होतं.

जयराजसाहेब वयानं तरुण होते, बोलण्यात अदब होती. भिंतीवर संघाचे फोटो. त्यांनी दोघांना खुर्च्या दिल्या, चहा मागवला, आणि आकारामकडे वळून म्हणाले, "तुम्ही राग मानू नका. तुमचे सामने बघत आम्ही मोठे झालो. तुम्हाला दम दाखवा म्हणायला आमची जीभ रेटत नाही. पण आकडा तुमच्याच गावातून आलाय. आणि सांगणारा म्हणे रोज मोजणारा होता." मग त्यांनी चिंतामणकडे बघितलं. "घड्याळांचं दुकान तुमचंच ना?"

आकाराम उसळला. "न्हाई सायेब. तुमास्नी कुणी तर उलटं सांगितलंय. आवं, ह्ये तर माझ्याकडनं..."

"मीच म्हणालो," चिंतामण म्हणाला.

आकारामचा हात तसाच हवेत राहिला. चिंतामणनं त्याच्याकडे बघितलं नाही. समोरच्या फोटोतल्या कोणा खेळाडूच्या गुडघ्याकडे बघत तो बोलत गेला. "एकवीस मीच म्हणालो. वखारीत, पंचवीस माणसांत. आणि खोटं म्हणालो. साहेब, सोळा वर्षं ह्याच्या चपला धरल्या मी. ह्याला खांद्यावर घ्यायचे आणि मी चपला घेऊन मागे. कोणी मला कधी काही विचारलं नाही. त्या दिवशी सगळे हसले आणि मला वाटलं, आपल्याकडेही काहीतरी आहे हे दाखवावं. म्हणून बोललो. जळत होतो म्हणून बोललो. सव्वीस आहे त्याचा दम. दिवाळीनंतर मोजलाय." बोलताना त्याला कळत होतं की ह्यातलं 'खोटं म्हणालो' आणि 'सव्वीस' एवढं सोडलं तर सगळं खरं आहे. जे तो स्वतःशी कधी बोलला नव्हता ते परक्या खोलीत, चहाचा वाफाळता कप समोर असताना, ज्याच्याविषयी बोलायचं त्याच्याच देखत बाहेर पडत होतं. आणि खोट्याला धरून आलं म्हणूनच पडत होतं. नुसतं खरं बोलायचं असतं तर त्याला ते जमलं नसतं.

जयराजसाहेब त्याच्याकडे बघत राहिले. त्या नजरेत राग नव्हता. बुटाला काही लागलं की माणूस जसं बघतो तसं ते बघत होते. मग ते आकारामला म्हणाले, "उद्यापासून रुजू व्हा. खोल्यांची किल्ली गेटावर मिळेल." आणि चिंतामणला, "तुम्ही चहा घ्या." स्वतःचा कप घेऊन ते बाहेर गेले.

दोघं गिरणीच्या आवारातून चालत गेटाबाहेर आले. आत यंत्रांची घरघर चालू होती. रस्त्यापलीकडे साताऱ्याकडे जाणारी गाडी थांबायची, तिथे एका लिंबाखाली ते उभे राहिले. चिंतामणला वाटत होतं, त्यानं मारावं. मैदानात माणसांना कमरेतून उचलून आपटताना त्यानं त्याला बघितलं होतं, तसं आपल्याला आपटावं, इथे, ह्या मातीत. पण आकाराम नुसता रस्त्याकडे बघत होता, आणि त्याच्या छातीचा भाता सदऱ्याखाली हळूहळू वरखाली होत होता.

"मास्तर," शेवटी तो म्हणाला. आवाज साधा होता. "आत सांगितलंसा त्ये सायबासाठी. आता हितं कोण न्हाई. एकवीस का सव्वीस?"

लांबून गाडी येताना दिसली. चिंतामणच्या जिभेवर सव्वीस तयार होतं. दोन महिने घोटलेलं, गुळगुळीत. ह्याचं कल्याण त्यातच आहे असं पुन्हा एकदा स्वतःला सांगता आलं असतं. पण आकाराम त्याच्या तोंडाकडे बघत नव्हता. घाटावर बघायचा तसा बघत नव्हता. खाली बघून तो उत्तराची वाट बघत होता. उत्तर आधीच घरी आलेलं असावं, नुसतं दार उघडायचं राहिलेलं असावं, तसा उभा होता.

"एकवीस," चिंतामण म्हणाला.

"व्हय." आकारामनं मान हलवली. "छातीला कळतंय की वो. पाण्यातनं वर येताना वाटायचंच, ह्यो काय सव्वीसचा दम न्हवं." गाडी जवळ आली. धूळ उडाली तशी त्यानं हातानं तोंड झाकलं, खोकला, आणि खोकला संपल्यावर तितक्याच साध्या आवाजात म्हणाला, "पर तुमी सव्वीस म्हनला की दिसभर बरं वाटायचं. पोतं हलकं लागायचं."

मग तो रस्ता ओलांडून गेटाकडे निघाला. कंडक्टरनं दार धरून दोनदा विचारलं, यायचंय का. चिंतामणला मागून हाक मारायची होती, आणि हाकेनंतर काय बोलायचं ते सुचेना, म्हणून तो गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवून तसाच उभा होता.